बागेतली किर्रकिर्र आणि बुंध्यावरची कवचे: फवारणी करावी का?

प्रश्न (आंबा-काजू बागायतदार, कुडाळ तालुका): मे महिन्यात बागेत दिवसभर कान किटवणारी किर्रकिर्र चालते. काजूच्या बुंध्यांवर तपकिरी रिकामी कवचे चिकटलेली दिसतात, खाली जमिनीत बोटाएवढी भोके आहेत आणि झाडाखाली उभे राहिले की अंगावर तुषार पडतात. दुकानात फवारणी करायला सांगितले. मुलगा शिकागोजवळ असतो. त्याने 2024 साली तिकडचा व्हिडिओ पाठवला होता, झाडे किड्यांनी लगडलेली. तशी धाड आपल्याकडे येईल का?

उत्तर: फवारणी करू नका, पैसे वाया जातील.

हा किडा म्हणजे सिकाडा. बरेच जण त्याला रातकिडा म्हणतात, पण रातकिडा वेगळा. सिकाडा आपल्या तुडतुड्यांच्या गोतावळ्यातला, सोंडेने रस शोषणारा. पिल्ले काही वर्षे जमिनीत मुळांचा पातळ रस पिऊन वाढतात, मग वर येऊन बुंध्यावर कात टाकतात. तुम्हाला दिसलेली कवचे तीच, पाठीवर उभी चीर असलेली. ओरडतात फक्त नर, तेही जेमतेम काही आठवडे. दरवर्षी थोडी थोडी पिल्ले मोठी होऊन बाहेर पडतात, म्हणून आवाज दरवर्षी येतो. मादी अंडी घालताना बारीक फांद्यांना चिरा पाडते खरी, पण आपल्याकडे आंबा-काजूच्या मुख्य किडींत सिकाडा धरत नाहीत.

तुषारांचे म्हणाल तर तो रस पिऊन बाहेर टाकलेले पाणी आहे. त्याला खार, म्हणजे किडीने टाकलेला चिकट द्रव, समजू नका. खार पडते ती तुडतुड्यांमुळे, पालवी-मोहोराच्या दिवसांत. तेव्हा पान हाताला चिकट लागते, मुंग्या येतात, पुढे काळी काजळी धरते. तसे दिसले तर मात्र लगेच कळवा.

भोकांकडे नीट बघा, कारण इथे चूक महागात पडते. जमिनीतले भोक स्वच्छ असेल तर ते सिकाडाचे, सोडून द्या. पण काजूच्या बुंध्यालाच, जमिनीलगत भोके असतील, त्यातून भुसा आणि डिंक येत असेल, पाने पिवळी पडत असतील, तर तो रोठा, म्हणजे बुंधा पोखरणारी अळी. अख्खे झाड बसते त्याने. पटाशीने तेवढीच साल काढून, पोखरलेल्या वाटेत तार घालून अळी काढा आणि मारा. मेलेले झाड बागेत उभे ठेवू नका. किर्रकिर्र ऐकून झाडाच्या शेंड्याकडे बघत राहतो आणि बुंधा बघायचा राहतो, असे बऱ्याच बागांत होते.

आता अमेरिकेचे. तिथेही दरवर्षी उन्हाळ्यात येणारे हिरवट सिकाडा आहेतच. व्हिडिओतले मात्र काळे, लाल डोळ्यांचे, 13 किंवा 17 वर्षांनी सगळे एकदम वर येणारे. 2024 मध्ये 13 वर्षांचा एक आणि 17 वर्षांचा एक, असे दोन मोठे थवे एकाच वर्षी निघाले. या दोघांची गाठ त्याआधी 1803 साली पडली होती. ही जात फक्त अमेरिकेच्या पूर्वेकडच्या भागात असते, ती इथे येणार नाही. मुलाने अंगणात फळझाडांची कोवळी रोपे लावली असतील, तर तो हंगाम येईल तेव्हा 1 सेंमीपेक्षा बारीक जाळीने झाकायला सांगा. औषध मारून तिथेही उपयोग नाही, मागून नवे येतच राहतात.

ठरावीक वर्षांनी येणारा सिकाडा भारतातही आहे, पण मेघालयात. री-भोई जिल्ह्यात तो दर 4 वर्षांनी निघतो, 2018, 2022 असा, नेमका फुटबॉलच्या विश्वचषकाच्या वर्षी. तिकडचे लोक रात्री बांबूच्या वनात जाऊन ते गोळा करतात आणि आवडीने खातात! आपण निदान औषध तरी मारू नये.

रोठ्याची शंका असेल तर बुंध्याचा आणि भुशाचा जवळून काढलेला फोटो पाठवा. नुसत्या आवाजाचे व्हिडिओ माझ्याकडे या मोसमात भरपूर जमलेत.