फिनिक्सच्या (ॲरिझोना, अमेरिका) अंगणात कमी पाण्यात फुलणारं आणि पक्षी येतील असं कोणतं झुडूप लावावं?

तुम्ही लिहिलंय की अंगणात नुसते खडे आहेत, उन्हाळ्यात लावलेलं सगळं करपतं, तरी फुलं हवीत आणि पक्षीही. माझं उत्तर एकच, चुपारोसा लावा. हे इथलंच, सोनोरन वाळवंटातलं झुडूप, कोरड्या ओढ्यांच्या वाळूत आपलं आपण उगवतं, आणि गंमत म्हणजे आपल्या अडुळशाचं भावंड, दोघंही जस्टिशिया या एकाच वनस्पती-गटातले. फूल जवळून बघा, तेच दोन ओठ, फक्त पांढऱ्याऐवजी लालभडक आणि नळी लांब.

स्पॅनिशमध्ये चुपारोसा म्हणजे हमिंगबर्डच. फेब्रुवारी ते एप्रिल हे झुडूप भरभरून फुलतं, तेव्हाच कोस्टाज हमिंगबर्ड या इथल्या जातीचा घरट्यांचा सीझन असतो, त्यामुळे तो दिवसभर इथेच. नराच्या गळ्याला जांभळ्या मिशा असतात, ऊन पडलं की अशा चमकतात की चहा गार होतो हातातला. (आपल्याकडे शिंजीराला लोक हमिंगबर्ड म्हणतात, पण तो बहुतेक वेळा फांदीवर बसून रस पितो, हा हवेत एका जागी थांबून.)

आता माझी फजिती सांगतो. पहिल्या जूनमध्ये झाडाने सगळी पानं गाळली, नुसत्या काड्या, मी गेलंच समजून उपटायला निघालो होतो, सहज नखाने साल खरवडली तर आत हिरवंगार. पाणी नसलं की ते पानं टाकून देतं आणि हिरव्या काड्यांवरच भागवतं. मग मला आली दया, रोज ड्रिप चालू केलं, आणि ते जास्त महागात पडलं. पानं झकास आली, फुलं नावाला, आणि शेजारचं दुसरं रोप बुडातून सडलं. खताचंही तेच, अजिबात घालू नका.

पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा-दोनदा मुळापर्यंत मुरेल असं पाणी, नंतरच्या उन्हाळ्यांत दोन-तीन आठवड्यांनी एकदा पुरतं, इथल्या मान्सूनचा चांगला पाऊस झाला तर तेही नको. लावायच्या आधी खड्डा पाण्याने भरून बघा, दुसऱ्या दिवशी पाणी तसंच असेल तर खाली कॅलिचीचा, म्हणजे दगडासारखा टणक चुनखडीचा थर आहे, जागा बदला. ऊन पूर्ण हवं. उंची चारेक फूट पण पसारा पाच-सहा फूट होतो, तेव्हा पायवाटेला चिकटून नको.

लावायचं मार्चमध्ये, कारण याला हिमाचं वावडं आहे. २८ फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर रात्री जुनी चादर टाका. तरी शेंडे काळे पडलेच तर लगेच कापू नका, थंडी पूर्ण जाऊ द्या, मुळातून परत फुटतं. आणि ते मशीन घेऊन येणारे माळी दिसेल त्या झुडपाचा लाडू वळून जातात, त्यांना याला हात लावू देऊ नका, फुलं सगळी शेंड्यांकडेच येतात.

हां, झाडाखाली तुटलेल्या फुलांचा सडा दिसला तर कीड समजून फवारणी करत बसू नका. ते हाऊस फिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यांचं काम, फूल तोडून त्याचं रसाळ बूड तेवढं खातात नि बाकीचं टाकून देतात.