5.56 ची गोळी फक्त जखमी करण्यासाठीच बनवली आहे का?

तुम्ही विचारलंय, इन्सासची (आपल्या सैन्याची देशी रायफल) 5.56 मिमी जाडीची एवढीशी गोळी समोरच्याला थांबवते का, की ती मुद्दाम जखमी करण्यापुरतीच बनवली आहे?

जखमी करण्यापुरती, हे साफ चूक. 'एक जखमी झाला की दोघं त्याला उचलायला जातात' हे मी भरती झालो त्या वर्षापासून ऐकतोय. 1957 मध्ये अमेरिकी सैन्याने या छोट्या काडतुसासाठी घातलेली अट बघा: 500 यार्डांवरून पोलादी हेल्मेट भेदलं पाहिजे. नुसतं जखमी करायचं असतं तर अशी अट कशाला घातली असती? खरं कारण वजन. एसएलआर या आधीच्या रायफलीचं 7.62 मिमीचं एक काडतूस सुमारे 24 ग्रॅम, 5.56 चं 12. म्हणजे तेवढ्याच ओझ्यात जवानाकडे दुप्पट राऊंड. शिवाय खांद्याला धक्का कमी बसतो, त्यामुळे दुसरा राऊंडही नेमावर राहतो.

एसएलआर आणि इन्सास, दोन्ही मी चालवल्या आहेत. बट पार्टीत, म्हणजे फायरिंग रेंजवर टार्गेट सांभाळणाऱ्या तुकडीत, टार्गेटवरच्या छिद्रांना चिकट्या लावताना फरक डोळ्यांसमोर असायचा: एसएलआरच्या छिद्रातून पेन्सिल आरपार जायची, इन्सासच्या छिद्रात अडकायची. तेव्हा मलाही वाटायचं, हिने काय होणार?

पण कागदावरचं छिद्र आणि शरीरातली जखम यांचा संबंध थोडाच. टोकदार गोळीचं वजन मागच्या बाजूला जास्त असतं. हवेत ती गिरकीमुळे सरळ राहते. शरीर हवेपेक्षा शेकडो पटींनी दाट, तिथे ती गिरकी पुरत नाही आणि गोळी आडवी होते. अमेरिकी लष्करी सर्जन मार्टिन फॅकलर यांनी जिलेटिनच्या ठोकळ्यांवर हे मोजून दाखवलं. व्हिएतनाम काळातली 3.56 ग्रॅमची गोळी, नळीतून सुटताना वेग सेकंदाला सुमारे 990 मीटर, साधारण 12 सेंटिमीटर सरळ जाते, मग आडवी होते आणि तिच्याभोवती कोरलेल्या खाचेपाशी मोडून तिचे तुकडे पसरतात. मोठी जखम होते ती या तुकड्यांमुळे. अंतर वाढून वेग उतरला, साधारण 200 मीटरच्या पुढे, की ती मोडत नाही. आखूड नळीच्या रायफलीत वेग मुळातच कमी, म्हणून ही हद्द आणखी जवळ येते. आणि माणूस सडपातळ असेल तर आडवी व्हायच्या आतच आरपार. 'गोळी लागली तरी पळत होता' असं सांगणारे जवान खोटं बोलत नाहीत.

सिनेमात माणूस गोळीने मागे उडतो ते मात्र विसरा. 4 ग्रॅमची गोळी 940 मीटर वेगाने 70 किलोच्या माणसात रुतली तरी त्याला सेकंदाला जेमतेम 5 सेंटिमीटरचा धक्का मिळतो. माणूस जागच्या जागी कोसळतो तो मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली तरच. बाकी रक्तस्राव, आणि त्याला वेळ लागतो. हृदयाला लागूनही 10-15 सेकंद माणूस हालचाल करू शकतो. म्हणून गोळी कुठे लागली हे आधी, आकार नंतर.

लहान गोळी माणसाला थांबवत नाही, ही तक्रार नवी नाही. 1895 च्या चित्रळ मोहिमेत इंग्रजांचे शिपाई नव्या .303 रायफलीच्या बारीक गोळीबद्दल हेच म्हणत होते, कारण त्याआधी त्यांच्या हातात मार्टिनी-हेन्री या जुन्या रायफलीची 31 ग्रॅमची शिशाची गोळी होती. त्यातूनच कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात आत गेल्यावर फुलणारी गोळी निघाली, आणि 1899 मध्ये हेगला तसल्या गोळ्यांवर युद्धात बंदी आली.

'मग आपण 7.62 कडे परत का गेलो?' असं कोणीतरी विचारेलच. 7.62 ही दोन वेगळी काडतुसं आहेत. आपल्या सैन्याने घेतलेल्या नव्या रायफलींपैकी सिग 716 चं लांब काडतूस एसएलआरचंच: 9.5 ग्रॅमची गोळी, ऊर्जा सुमारे 3,300 जूल. एके-203 चं आखूड काडतूस जेमतेम 2,000 जूल. इन्सासच्या 1,750 पेक्षा थोडंच जास्त. आणि फॅकलर यांच्या चाचणीत एके-47 ची जुनी सोव्हिएत गोळी जवळजवळ 26 सेंटिमीटर सरळच जात होती.