छत्तिसाव्या वर्षी एमबीए, चान्स किती? डोंबिवलीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. पत्र सविस्तर लिहिलंत आणि चिरंजीवांचा बायोडेटाही जोडलात, त्यामुळे माझं काम सोपं झालं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुलगा 36 चा, बी.फार्म, बारावीला 64 टक्के, तळोज्याच्या औषध कंपनीत क्वालिटी ॲश्युरन्सला 13 वर्षं, आता मॅनेजर. सूनबाई नोकरी करतात, नात तिसरीत, फ्लॅटचा हप्ता चालू. वर जागा रिकामी होत नाही म्हणून पोरगं म्हणतंय नोकरी सोडतो, कॅट (आयआयएमची प्रवेश परीक्षा) देतो, फुलटाइम एमबीए करतो. आणि काका विचारतायत की या वयात चांगल्या ठिकाणी घेतील का, आणि एफडी मोडून पैसे द्यावेत का.

कॅटचं आधी उरकतो. वयाची अट नाही, फॉर्म खुशाल भरता येतो. पण आयआयएमच्या दोन वर्षांच्या कोर्सला बहुतेक पोरं विशीतली, इंटरव्ह्यूचा कॉल देताना दहावी-बारावीचे मार्क धरतात, आणि बंगलोरसारख्या ठिकाणी अनुभवाचे गुण तीन वर्षांपर्यंतच वाढतात, म्हणजे याची पुढची दहा वर्षं त्या हिशोबात गेली पाण्यात. त्यात बारावीचे 64. समजा ढोरमेहनत करून कॉल आला, ॲडमिशन झाली, तरी कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या चार-पाच वर्षांच्या अनुभवाच्या आतली पोरं न्यायला येतात, तिथे 38 वर्षांचा माणूस रांगेत उभा राहून करणार काय? तो नाद सोडायला सांगा.

त्याच्यासाठी दार आहे ते एक वर्षाच्या कोर्सचं. आयआयएममध्येच अहमदाबादचा पीजीपीएक्स, बंगलोरचा ईपीजीपी, लखनौचा आयपीएमएक्स जो नोएडाला चालतो. इथे किमान चार-पाच वर्षांचा अनुभव मागतात आणि वर्गात तिशीतली माणसं भरपूर असतात. आयएसबीच्या (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) एक वर्षाच्या कोर्सला दोन वर्षांच्या अनुभवावरही घेतात, तिथली बॅच तरुण, म्हणून तिथे याचा चान्स मी कमीच धरेन. परदेशात स्टॅनफर्डचा एमएसएक्स, एमआयटीचा स्लोन फेलोज हे खास अशाच वयाच्या लोकांसाठी आहेत, पण खर्च बघता आत्ता त्यात शिरायला नको.

या एक वर्षाच्या कोर्सची प्रवेश परीक्षा जीमॅट. इथे एक घोळ आहे तो त्याच्या कानावर घाला. तुम्ही लिहिलंय की ऑफिसमधला मित्र म्हणाला 700 तरी लागतात. तो जुना हिशोब. जानेवारी 2024 नंतर जुनी परीक्षा बंद झाली, आता स्कोअर 205 ते 805 मध्ये येतो आणि जुन्या 700 च्या जागी साधारण 645 धरतात. तीन भाग, प्रत्येकी 45 मिनिटं, निबंध नाही, भूमिती नाही. स्कोअर पाच वर्षं चालतो.

आता बायोडेटा. खरं सांगू का, तो वाचून मला काहीच कळलं नाही. 'रिस्पॉन्सिबल फॉर ऑडिट कम्प्लायन्स', 'लेड क्रॉस फंक्शनल टीम', असल्या ओळी फार्मातला प्रत्येक जण लिहितो. पण तुमच्या पत्रात, नातीच्या शाळेबद्दल सांगता सांगता, तुम्ही एक वाक्य टाकलंय, की अमेरिकेचे इन्स्पेक्टर येऊन गेले तेव्हा पोरगं तीन आठवडे रात्री एकला घरी यायचं आणि प्रॉडक्शनच्या साहेबाशी त्याचं कडाक्याचं वाजलं होतं. काका, ॲडमिशनचा सगळा अर्ज त्या वाक्यात आहे!

म्हणजे कसं, यूएसएफडीएचे, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याचे लोक तपासणी संपवून निघताना चुका सापडल्या तर त्यांची लेखी यादी, फॉर्म 483, हातात ठेवतात. त्याला 15 वर्किंग डेजमध्ये उत्तर गेलं पाहिजे, उत्तर लेचंपेचं असेल तर पुढे वॉर्निंग लेटर येऊ शकतं आणि कंपनीची अमेरिकेतली नवीन औषधं अडकू शकतात. त्या दिवसांत औषधाची कुठली बॅच थांबवायची, कुठली सुधारणा कधीपर्यंत करतो म्हणून लिहून द्यायचं, आणि प्रॉडक्शन हेड माल काढायचाच म्हणून अडून बसला तर त्याला नाही कोणी म्हणायचं, हे यानेच ठरवलं ना? मग ते लिहायचं. कंपनीची गुपितं न फोडता, पण प्रसंग, भांडण, निर्णय आणि नंतर काय झालं हे सगळं. एमबीएच्या वर्गात आयटीवाले ढिगाने येतात, असला अनुभव असलेला माणूस क्वचित, ही याची जमेची बाजू आहे आणि तीच त्याने झाकून ठेवलीय.

कच्चा दुवा दुसरीकडे आहे. इंटरव्ह्यूला विचारणारच, आत्ता का आणि पुढे काय. 'साहेब रिटायर होईपर्यंत वाट बघावी लागेल' हे उत्तर घरी ठीक, पॅनलसमोर नाही. त्याला पुढची खुर्ची नावाने सांगता आली पाहिजे: प्लांट हेड व्हायचंय, की दुसऱ्या कंपन्यांसाठी माल बनवून द्यायच्या धंद्यात बिझनेस डेव्हलपमेंटला जायचंय, की रेग्युलेटरीकडे, म्हणजे औषधांच्या सरकारी मंजुऱ्यांच्या कामाकडे. बायोडेटात यातलं एक अक्षर नाही. हे जमलं आणि जीमॅट 640-650 च्या घरात आला, तर अहमदाबाद-बंगलोरला निम्म्यापेक्षा थोडा कमी चान्स, लखनौला बरा, असं माझं मत.

पण मिळालं तरी जावं का? अहमदाबाद-बंगलोरची फी तीस लाखांच्या वर, वर्षभर पगार बंद, हप्ता चालूच, आणि 13-14 वर्षांच्या अनुभवानंतरची नोकरी पुष्कळदा स्वतःच्या ओळखीपाळखीतूनच शोधावी लागते. त्याची वाट खात्याच्या बाहेर पडण्याची आहे, फार्माच्या बाहेर पडण्याची नाही. म्हणून मी म्हणेन नोकरी सोडू नये. आयएसबीचा पीजीपी प्रो आहे, पाच वर्षांच्या अनुभवावर घेतात, क्लास बहुतेक वीकेंडला, मुंबईत. अंधेरीच्या एसपी जैनचा पीजीईएमपी आहे (भवन्स कॅम्पसवालं एसपी जैन, दुबई-सिंगापूरवालं वेगळं, लोक हमखास गोंधळतात). अशा ठिकाणी त्याचा चान्स चांगला आहे. चर्चगेटला जमनालाल बजाजमध्ये नोकरदारांसाठी संध्याकाळचे पार्टटाइम कोर्स जुने आणि नावाजलेले आहेत, पण तळोज्याहून सुटून संध्याकाळी चर्चगेट आणि रात्री परत डोंबिवली, तीन वर्षं? दोन महिन्यांत सोडेल.

एफडीला हात लावू नका. या संस्थांच्या कोर्ससाठी बँका लोन देतात, त्याने स्वतःच्या नावावर काढावं, सूनबाईंशी आधी बसून बोलावं, तुमच्याशी नंतर. आणि क्लासला पैसे भरायच्या आधी जीमॅटच्या अधिकृत साइटवरच्या दोन फुकट टेस्ट आहेत, त्यातली एक येत्या रविवारी एका बैठकीत द्यायला सांगा. 500 च्या खाली आला तर यंदा जीमॅटवाला नाद नको, सरळ वीकेंडवाल्या कोर्सचीच चौकशी सुरू करा.