ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅम्पियन्स डोंगरांच्या कोरड्या रानात पांढऱ्या फुलांचं ‘टी ट्री’ झुडूप दिसलं; टी ट्री ऑइल त्याचंच का?

नाही, ते झुडूप लेप्टोस्पर्मम नावाच्या वनस्पतिगटातलं. बाजारातलं टी ट्री ऑइल मुख्यतः मेलाल्युका अल्टर्निफोलियाच्या पानांतून काढतात, आणि ते झाड ऑस्ट्रेलियातल्याच न्यू साउथ वेल्स राज्याकडचं, ओलसर जागी वाढणारं. फूल जवळून बघा: पाच सुट्या गोलसर पाकळ्या आणि मधे हिरवट वाटी असेल तर लेप्टोस्पर्मम. मेलाल्युकाला पाकळ्या इवल्याशा, डोळ्यांत भरतात ते केसरांचे झुपके. (दोन्ही आपल्या जांभूळ-पेरूच्या कुळातली.) नावातला चहा कॅप्टन कुकच्या खलाशांचा; १७७३ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी चहासारखी मानुका नावाच्या झुडपाची पानं उकळली होती, आणि मानुकाही लेप्टोस्पर्ममच. फक्त एवढंच की मानुकाचंही तेल निघतं, तेव्हा बाटलीवरचं शास्त्रीय नाव वाचून घ्या. आणि टी ट्री ऑइल पोटात घ्यायचं नाही, ते विषारी असतं.