मध्ययुगीन चर्चच्या बाहेरच्या भिंतीत बुजवलेल्या कमानी का असतात?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीत दगडांनी बुजवलेल्या कमानींची रांग दिसली, ती जुनी दारं होती का? नाही. ते चर्च एके काळी आणखी रुंद होतं. तुम्ही गवतात जिथे उभे होतात, तिथे त्याची पडवी होती, म्हणजे मधल्या भागाला कमानींतून जोडलेला बाजूचा भाग.

मला हे नीट उमगलं ते यॉर्कशरमधल्या व्हॅरम पर्सीच्या सेंट मार्टिन चर्चमुळे. छप्पर नाही, मनोरा अर्धा कोसळलेला आणि भोवती गावच उरलेलं नाही. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड आणि पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांनी १९५० ते १९९० दर उन्हाळ्यात इथे उत्खनन केलं, म्हणून या चर्चची कहाणी पायापासून माहीत आहे.

आधी दहाव्या शतकातलं छोटंसं लाकडी चर्च, मग त्याच जागी दगडी. गाव वाढलं तशी बाराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेला पडवी निघाली, तेराव्या शतकात उत्तरेला. अशी पडवी काढताना बहुतेक ठिकाणी जुनी भिंत सबंध पाडत नसत. खालून कमानी फोडायच्या, मधे खांब ठेवायचे, वरची भिंत तशीच राहू द्यायची; बाहेर बुटकी भिंत घालून उतरतं छप्पर टाकलं की काम झालं. गावातली माणसं कमी झाल्यावर हेच उलटं झालं. पंधराव्या-सोळाव्या शतकांत पडव्या पाडल्या, कमानी दगडांनी भरल्या. आजही त्या भिंतीजवळ गेलात तर कमानीचे घडीव दगड आणि अर्धे भिंतीत गाडलेले खांब स्पष्ट दिसतात.

गाव प्लेगने संपलं असं सर्रास सांगतात. ते मला पटत नाही, कारण १३४९च्या साथीत माणसं मेली तरी गाव पुढे दीडशे वर्षं नांदत होतं. १५००च्या सुमारास शेवटची कुटुंबं उठवली गेली ती मेंढ्यांसाठी. लोकरीला भाव होता आणि कुरणाला माणसं लागत नाहीत.

तरीही चर्च चालू राहिलं, कारण थिक्सनडेलसारख्या आसपासच्या वस्त्या याच पॅरिशमध्ये, म्हणजे या चर्चच्या हद्दीत, होत्या. पण डागडुजीचा खर्च कोण करणार? इंग्लंडमधली रीत अशी होती की लोक बसतात तो भाग गावकऱ्यांनी सांभाळायचा आणि वेदीकडचा भाग रेक्टरने, म्हणजे चर्चच्या प्रमुख धर्मगुरूने. इथे दोन्ही भाग आकसले; वेदीकडचा भाग सतराव्या शतकात आखूड केला. १८७०मध्ये थिक्सनडेलला स्वतःचं चर्च मिळालं आणि विसाव्या शतकाच्या मध्याला इथल्या प्रार्थना थांबल्या. त्यानंतर छपराचं शिसं चोरीला गेलं, मनोरा ढासळला.

तुमच्या चर्चचं गावही असंच ओस पडलं असेल असं मात्र लगेच धरू नका. नांदत्या गावांतही नुसता खर्च झेपेना म्हणून पडव्या पाडल्या आहेत. पुन्हा गेलात तर कमानींचा आकार बघा: अर्धगोल असतील तर बहुधा बाराव्या शतकातल्या किंवा आधीच्या, टोकदार असतील तर त्यानंतरच्या. आणि मनोऱ्याच्या भिंतीवर, आत्ताच्या छपराच्या वर, एखादी तिरकी दगडी रेघ दिसते का तेही बघा. ती जुन्या, जास्त उंच छपराची खूण असते.