ठिपके रुग्णांचे नकोत, भांड्यांचे टाका

प्रश्न : गेल्या पावसात आमच्या वाडीत डेंग्यूचे रुग्ण निघाले. यंदा मंडळाची पोरं घरोघर फिरून डासांच्या जागा नकाशावर मांडणार आहोत. मोबाइलवर नकाशा तयार आहे, गेल्या वर्षीच्या रुग्णांच्या घरांवर लाल ठिपकेही टाकलेत. आता पुढे काय? आणि धूरफवारणीसाठी नगरपरिषदेकडे अर्ज कधी द्यावा?
– एक वाचक, मालवण

उत्तर : लाल ठिपके नकाशावरून काढा आणि तुमच्या वहीत ठेवा. माझं आयुष्य हिवताप विभागात गेलं. रुग्णाचं घर चारचौघांत दाखवलं की पुढचा माणूस ताप लपवतो. शिवाय डेंग्यू पसरवणारा डास, एडिस इजिप्ती, दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त. तेव्हा माणूस शाळेत, दुकानात नाहीतर जेटीवर असतो. घराच्या ठिपक्यावरून डास चावला कुठे, हे कळत नाही. मात्र नवा रुग्ण निघाला की त्याच्या घराभोवतीची शंभर-दोनशे मीटरांतली भांडी त्याच दिवशी बघा. हा डास सहसा फार लांब जात नाही.

नकाशावर भांडी मांडा. गटार सोडून द्या, तिथला डास बहुतेक वेगळा. एडिसला साचलेलं स्वच्छ पाणी लागतं. पागोळीखाली लावलेलं पिंप, पाचोळ्याने तुंबलेली पन्हळ, लाकडांवरच्या ताडपत्रीच्या घड्या, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, बागेत पडलेल्या करवंट्या आणि पोफळीच्या विऱ्या, म्हणजे गळलेल्या झावळ्यांची खोलगट बुडं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा वर ओढलेल्या होडीच्या तळातही पाणी साचतं, तिच्या बाजूला बांधलेल्या टायरांत तर हमखास. विजेरी घेऊन बघा, टायरात नुसत्या डोळ्यांनी काही दिसत नाही.

प्रत्येक घराला क्रमांक द्या. पाण्याची भांडी किती, त्यांतल्या किती भांड्यांत अळ्या, एवढंच लिहा. समजा ६० घरं बघितली आणि ९ भांड्यांत अळ्या मिळाल्या, तर शंभर घरांमागे १५. आरोग्य खात्यात यालाच ब्रेटो निर्देशांक म्हणतात. अर्जात हा आकडा घातलात तर आरोग्य निरीक्षकाला काम कुठे करायचं ते कळतं. अळ्यांसोबत स्वल्पविरामासारखे वाकडे कोष दिसले, तर ते भांडं आधी रिकामं करा. कोषातून साधारण दोन दिवसांत डास उडतो.

आता खरी अडचण. तुमच्या नकाशात सगळ्यात मोठी भोकं पडतील ती बंद घरांची. चाकरमानी मुंबईला, गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडालेलं, संडासाच्या भांड्यात महिनोन्‌महिने पाणी. शेजारच्या काकू म्हणतात, “चावी आसा माझ्याकडे, पण गच्चीर कोण चढतलो?” तुम्ही चढा! पण मालकाला आधी फोन करून. बंद घरं वेगळ्या रंगाने दाखवा आणि चावी कोणाकडे ते वहीत लिहा. चतुर्थीला माणसं आली की टाकीला जाळी बसवून घ्या, तेव्हा कोणी नाही म्हणत नाही.

फेरी दर आठवड्याला, ठरलेल्या वारी. अंड्याचा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस, म्हणजे सगळी भांडी रिकामी करायचा दिवस. पाणी नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. काथ्याने खसाखसा घासा. पिंप घासलेलं आहे की नुसतं उपडं केलेलं, हे बोट फिरवलं की कळतं.

धुराचं म्हणाल तर त्याने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळीला काही होत नाही. रुग्ण निघाल्यावर नगरपरिषद धूर मारेल, मारू दे. तुम्ही त्या दिवशीही पिंपं बघा.

प्रश्न : आमची विहीर उघडी आहे. उपसणं शक्य नाही. औषध टाकू का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : पिण्याची विहीर असेल तर स्वतःच्या मनाने काही टाकू नका. आरोग्य केंद्रात गप्पी मासे मागा, ते अळ्या खातात. वर बारीक जाळी ताणून बसवा. उरलेले मासे व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडू नका. तिथल्या माशांना त्यांचा उपद्रव होतो.