ब्रिटनच्या ड्रायव्हिंग थिअरी टेस्टमध्ये मोटरवेवरचे (म्हणजे एक्स्प्रेसवेवरचे) इलेक्ट्रॉनिक वेगाचे आकडे आणि लेनच्या खुणा कशा ओळखायच्या?

आधी आकड्याभोवती लाल वर्तुळ आहे का ते बघा. असेल तर ती कायदेशीर मर्यादा. रस्ता मोकळा दिसला तरी ओलांडायची नाही, कॅमेरे असू शकतात. लाल वर्तुळ नसेल, नुसता आकडा आणि पिवळे दिवे लुकलुकत असतील, तर तो पुढच्या धोक्यामुळे दिलेला सल्ला. बरेच जण इथेच गुण घालवतात.

लाल फुली म्हणजे ती लेन बंद, दिवे लुकलुकत असोत वा नसोत. पुढे बंद पडलेली गाडी किंवा काम करणारी माणसं असू शकतात, म्हणून फुलीच्या आधीच लेन सोडायची. फुली मोडली तर साधारणपणे 100 पौंड दंड आणि लायसन्सवर 3 पॉइंट. तिरका खाली झुकलेला बाण त्या बाजूच्या लेनमध्ये जायला सांगतो.

पांढऱ्या गोलावर काळी तिरकी रेघ दिसली की राष्ट्रीय मर्यादा पुन्हा लागू: मोटरवेवर कारला ताशी 70 मैल. फलक कोरा असला तरी, दुसरी पाटी नसेल तर, हीच मर्यादा. ट्रेलर ओढणाऱ्या कारला मात्र 60. हा प्रश्न हमखास फसवतो.